हट्टी बोल्ट सोडविण्याची विद्या

जुन्या डिझेल मोटारीचे काम करणाऱ्या मिस्त्रीला त्याचा दिवस कोठे खर्च झाला असे विचारले, तर तो इंजिनाचे नाव क्वचितच घेईल. तो एखाद्या बोल्टाचे नाव घेईल. इंजिनाखालचे झिजलेले रबर काढून त्या जागी नवे बसविणे, हे काम सांगावयास किती सोपे! नवे रबर बाजारात मिळते, आणि वाट मोकळी असेल तर ते बसविण्यास फारसा वेळ लागत नाही. परंतु ज्या दोन-चार बोल्टांनी जुने रबर जागी जखडलेले असते, ते वीस-पंचवीस वर्षे पाऊस, चिखल, तेल आणि उष्णता सोसून आपल्या घरात असे रुतलेले असतात की, त्यांना तेथून हलविता हलविता सकाळची संध्याकाळ होते. ह्या अवधीत घाई करणाराचा पाना घसरतो, बोल्टाचे डोके गोल होते, बोल्ट तुटतो, आणि दुर्दैवाने कधी माणूसही जायबंदी होतो. असा हट्टी बोल्ट सोडविण्याची एक विद्या आहे. ती पुस्तकांपेक्षा कारखान्यांत अधिक जिवंत राहिली आहे. तथापि तिच्या मुळाशी असलेली कारणे शास्त्राचीच आहेत, आणि ती समजून घेण्यास मनुष्य मिस्त्रीच असावयास हवा असे नाही.

हैदराबादेतील काचीगुडा हे नाव मराठी श्रोत्यांस परके नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपासून त्या वेळचे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा सारा मराठवाडा ओलांडून हैदराबादेस पोहोचणारा मीटरमापी लोहमार्ग तयार झाला, आणि १९१६ साली घुमट-मनोऱ्यांची ती डौलदार स्टेशनची इमारत काचीगुड्यास उभी राहिली. मराठवाड्यातील विद्यार्थी, वकील, कारकून आणि व्यापारी ह्याच फलाटावर उतरले आणि आसपासच्या वस्त्यांतून स्थिरावले. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, मराठवाडा निराळा झाला. पण ही कुटुंबे, त्यांच्या शाळा आणि त्यांची ग्रंथालये हैदराबादेतच राहिली.

ह्या शहराला यंत्रांचाही जुना परिचय आहे. वाडीहून सिकंदराबादेपर्यंत आगगाडी आली ती १८७४ साली. त्याच निजाम राज्य रेल्वेने १५ जून १९३२ रोजी २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन मोटार-वाहतूक सुरू केली. विलायतेतील अल्बियन बनावटीच्या त्या बसगाड्यांना चालू ठेवावयाचे तर प्रत्येक सुट्या भागासाठी बोटीची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. जो भाग हाताशी आहे तोच न मोडता काढावा, दुरुस्त करावा आणि पुन्हा चढवावा, ही त्या काळाची गरज होती. असे हात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात ते उस्ताद आणि शागीर्द ह्या नात्याने. हैदराबादेतील उस्तादाची पहिली ताकीद बहुधा एकाच शब्दाची असते, आणि तो शब्द दखनीने मराठीकडूनच घेतलेला आहे: नक्को. शागीर्दाने बोल्टावर पाना चढवून दात-ओठ खाल्ले की उस्ताद म्हणतो, “जोर नक्को लगाओ, पहले तेल पीने दो.” ह्या एका वाक्यात सगळ्या विद्येचे सार आले आहे. ते का खरे आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

ज्या बोल्टांविषयी हे चालले आहे ते करतात तरी काय, ते प्रथम पाहू. मोटारीच्या आरंभीच्या काळात इंजिन हे गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टांनी आवळलेले असे. इंजिनाचा प्रत्येक हादरा सांगाड्यातून बसणाराच्या हाडांपर्यंत पोहोचे. १९३१ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिनाला रबराच्या उशांवर तोलून धरण्याची योजना प्रसिद्धीस आणली, आणि त्यानंतर हा प्रघात सर्वत्र पडला. इंजिन आणि सांगाडा ह्यांच्यामध्ये लोखंडी पट्टीला चिकटविलेले रबर असते. त्याला आपल्याकडील मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतात. इमारतीचा पाया भार पेलतो. हा पाया भारही पेलतो आणि हादराही गिळतो.

डिझेल इंजिनात ह्या पायावरील ताण अधिक असतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. पेट्रोलचे जुने इंजिन हवेला आठ-नऊपट दाबत असे, तर जुन्या मोटारींतील डिझेल इंजिन तिला वीसपट किंवा त्याहूनही अधिक दाबते. स्फोट तितकाच कडक होतो. चार नळकांड्यांच्या इंजिनात आसाच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. गाडी नुसती उभी राहून मिनिटाला साडेसातशे फेरे घेत असली, तरी सेकंदाला पंचवीस धक्के त्या रबरांवर बसत असतात. वर्षानुवर्षे हे चालते. त्यातच वरून गळणारे डिझेल आणि वंगण रबराला फुगवून मऊ करते, आणि शेवटी रबर फाटते किंवा लोखंडापासून सुटते.

रबर गेले की गाडी ते स्वतःच सांगते. इंजिन सुरू करताना आणि बंद करताना मोठा हिसका बसतो. क्लच सोडताना खालून ठोका ऐकू येतो. गिअरचा दांडा थरथरतो आणि आरशातील चित्र विस्कटते. पुष्कळ मालक ह्याला म्हातारपणाचे लक्षण समजून सोडून देतात. परंतु जागेवर न राहणारे इंजिन आपल्याबरोबर इतरांनाही ओढते. धुराड्याचा नळ तडकतो, पाण्याच्या नळ्या ताणल्या जातात, डिझेलची बारीक नळी घासून झिजते, आणि पंखा पाण्याच्या टाकीच्या जाळीला लागण्याचा संभव उत्पन्न होतो. थोडक्या किमतीच्या रबराची हयगय हजारोंच्या खर्चाला आमंत्रण देते. कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तिचे नूतनीकरण तपासणी होऊनच पाच-पाच वर्षांसाठी मिळते. जुन्या गाडीवर ज्यांचा व्यवसाय किंवा घराची सोय अवलंबून आहे, त्यांना ही तपासणी चुकविता येत नाही. म्हणूनच ते चार बोल्ट न मोडता निघणे, ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे.

आता बोल्ट जाम होतो म्हणजे काय होते? बोल्ट हा गुंडाळलेला उतार आहे. तो कसला की त्याचे पोलाद किंचित ताणले जाते, आणि त्या ताणानेच दोन भाग एकमेकांस घट्ट धरले जातात. परंतु पान्याने दिलेल्या जोरापैकी फार थोडा भाग ह्या ताणासाठी खर्च होतो. स्थूलमानाने निम्मा जोर डोक्याखालील घर्षणात आणि पाच भागांपैकी दोन भाग आट्यांच्या घर्षणात जातो; ताण देण्यास उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे बोल्ट नवा आणि स्वच्छ असतानाही सगळा मामला घर्षणाचा असतो. त्यात गंजाची भर पडते. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. आट्यांमधील केसाएवढ्या फटीत तो तयार झाला की पाचरीसारखा दोन्ही बाजूंना दाबू लागतो. आधाराचा पट्टा ॲल्युमिनियमचा असेल तर गोष्ट आणखी बिकट होते. दोन निराळे धातू आणि ओलावा एकत्र आले की लहानशी विद्युतक्रिया घडते आणि ॲल्युमिनियमचे पांढरे क्षार आट्यांत भरून बसतात. समुद्राकाठी हा प्रकार लवकर होतो. हैदराबादेची हवा कोरडी असली तरी दर पावसाळ्यात चाकांनी उडविलेला चिखल ह्याच जागी थापला जातो आणि ओल धरून ठेवतो. तात्पर्य, जोर लावून बोल्टाशी झुंजणारा मनुष्य बोल्टाशी झुंजतच नसतो. तो गंजाशी झुंजतो. आणि गंजाचा पराभव करण्याचे उपाय बाहुबलापेक्षा निराळे आहेत.

परंतु उपायांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे, कारण ती जिवाची आहे. हे बोल्ट काढावयाचे म्हणजे माणसाने गाडीखाली जावयाचे, आणि ज्यांवर इंजिन तोललेले आहे तेच आधार सोडावयाचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे. धरून ठेवण्याचे नव्हे. सपाट व कठीण जमिनीवर, चाकांना उटी लावून, सांगाड्याच्या भक्कम भागाखाली लोखंडी घोड्या द्याव्यात, आणि गाडीला हाताने हलवून ती डळमळत नाही ह्याची खात्री करावी. विटा रचून केलेला आधार हा आधार नव्हे. वीट सांगून फुटत नाही. घट्ट बोल्टाला हिसके देताना गाडी एरवीपेक्षा अधिक हलते, हे ध्यानात ठेवले म्हणजे ह्या खबरदारीचे महत्त्व पटेल. त्यानंतर बॅटरीची तार सोडावी. इंजिनाला खालून दुसरा आधार द्यावा, आणि तो देताना तेलाच्या पत्र्याच्या तबकाखाली जॅकचे तोंड थेट लावू नये. रुंद लाकडी फळी मध्ये घालावी, म्हणजे भार पसरतो आणि तबक चेपत नाही. रबरांवरील ओझे नाहीसे होईल एवढेच इंजिन उचलावे. अधिक उचलले तर पंखा, नळ्या आणि धुराड्याचे जोड ह्यांवर ताण येतो. ओझ्याखाली वाकडा ओढला गेलेला बोल्ट निष्कारण घट्ट वाटतो. ओझे काढले की कित्येकदा त्याचा अर्धा हट्ट तेथेच संपतो. आणि एका वेळी एकच आधार सोडावा. सगळे बोल्ट एकदम काढून इंजिनाला मोकळे सोडणे हे साहस नव्हे, अविचार आहे.

दुसरी सिद्धता पान्याची. अंबॅसेडर ही आपल्याकडील जुन्या मोटारींतील सर्वांना ठाऊक असलेली गाडी. ती १९५० नंतरच्या दशकापासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्यास तयार होत होती, आणि १९८० च्या सुमारास तिला १४८९ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन मिळाले. तिचा मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा, म्हणून तिचे बोल्ट इंची मापाचे. ह्याउलट पुण्याजवळ तयार झालेली, १९९८ साली लोकांसमोर आलेली टाटांची इंडिका ही मेट्रिक मापाची. आता अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढतो. चढतो म्हणूनच घात करतो. तीन-दशांश मिलिमीटरची ती मोकळीक सैल बोल्टाला पुरेशी आहे; जाम बोल्टाचे कोपरे मात्र ती सोलून काढते. नऊ-सोळांश इंच म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर, त्यावर १४ बसत नाही आणि १५ खेळतो. हे मापांचे भांडण नवे नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ ह्याने १८४१ साली आट्यांचे एक सर्वमान्य प्रमाण सुचविले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेचा कोन ६० अंशांचा. दुसऱ्या महायुद्धात एका राष्ट्राच्या यंत्राला दुसऱ्याचा बोल्ट बसेना, तेव्हा १९४८ साली इंग्लंड, अमेरिका व कॅनडा ह्यांनी एक प्रमाण ठरविले. मोठ्या राष्ट्रांना ज्याची इतकी किंमत मोजावी लागली, ते मिस्त्रीने पाना उचलण्यापूर्वी क्षणभर तपासण्यास हरकत नसावी. पाना शक्य तो सहा कोपऱ्यांच्या खोबणीचा, डोक्यावर पुरा बसणारा घ्यावा. बारा खाचांचा पाना सोयीचा खरा, पण तो कोपऱ्यांच्या टोकांनाच धरतो. दोन बोटांचा उघडा पाना ह्या कामी वर्ज्य समजावा.

मग येते तेल पाजणे. प्रथम तारेच्या ब्रशाने चिखल, जुने तेल आणि गंजाची पापडी खरवडून काढावी. बोल्टाचे टोक पलीकडे बाहेर डोकावत असेल तर तेथील आटे विशेष स्वच्छ करावेत, कारण बोल्ट बाहेर येताना ते गंजलेले टोकच सर्व आट्यांतून ओढले जावयाचे असते. नंतर पातळ, मुरणारे तेल दोन्ही बाजूंनी सोडावे. येथे तेल जितके पातळ तितके बरे. ते फटीत शिरते ते दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच नियमाने. इंजिनाचे दाट तेल ओतण्यात अर्थ नाही. जुन्या काळी रॉकेल आणि थोडे वंगण ह्यांचे मिश्रण वापरीत. आता फवाऱ्याच्या डब्या मिळतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध डबी १९५३ साली अमेरिकेत निर्माण झाली, ती मूळची पाणी दूर सारून क्षेपणास्त्राच्या कवचाला गंजापासून वाचविण्यासाठी. तिच्या नावातील चाळीस हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. ज्या वस्तूच्या नावातच चिकाटी नोंदलेली आहे, ती पाच मिनिटांत गुण देईल अशी अपेक्षा करणारे पुष्कळ असतात. तेलाला वेळ हवा. रात्री तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे, आणि जमल्यास आदल्या दोन-तीन दिवशीही सोडीत जावे. शनिवारी काम करावयाचे असेल तर ते बुधवारी सुरू झाले पाहिजे. मात्र ते तेल रबराच्या ज्या उशा बदलावयाच्या नाहीत त्यांवर उडू देऊ नये.

तेल मुरले, आता ठोका. बोल्टाच्या डोक्यावर, सरळ त्याच्या अक्षाच्या दिशेने, मध्यम हातोडीने दहा-वीस नेमके ठोके द्यावेत. गंज हा कठीण पण ठिसूळ असतो. पोलाद लवचीक असते. ठोक्याने पोलादाचे काही बिघडत नाही, गंजाला मात्र तडे जातात, आणि त्या तड्यांतून तेल आणखी आत शिरते. ठोकताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. खाली पाठीवर पडून वर पाहणाराच्या डोळ्यांत गंजाचा कण पडावयास वेळ लागत नाही.

त्यानंतर पाना. येथे शागीर्द चकित होतो, कारण उस्ताद त्याला बोल्ट सोडावयास न सांगता आधी किंचित कसावयास सांगतो. हे उलटे दिसते, पण त्याला आधार आहे. गंजाचा धर पहिल्या हालचालीने तुटतो. ती हालचाल कोणत्या दिशेने झाली ह्याला महत्त्व नाही. केसभर कसण्याच्या बाजूस हलला की मग तो सोडण्याच्या बाजूस हलण्याची शक्यता वाढते. एकदा हलला की त्याला एकदम बाहेर ओढू नये. पाव फेरा बाहेर, अर्धा त्याहून कमी आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. असे पुढे-मागे केले म्हणजे सुटलेली गंजाची भुकटी आट्यांत अडकून राहत नाही. सलग ओढले तर तीच भुकटी साचते, बोल्ट मध्यावर पुन्हा जाम होतो, आणि ह्या वेळी तो आटे घेऊनच बाहेर येतो. दिशेविषयीही सावध असावे. गाडीखाली पडलेल्या माणसाला डावे-उजवे उलटे भासते, आणि सोडण्याच्या भरात पुष्कळांनी बोल्ट कसून तोडले आहेत. बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून पाहावे. सामान्य बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच सुटतो, मग पाहणारा उभा असो की आडवा.

पान्याला लांब पाइप लावून जोर करण्याची सवय सर्वत्र आहे, तिचे गणित एकदा पाहिले पाहिजे. पाव मीटर लांबीच्या पान्यावर तीस किलोचा जोर दिला तर सुमारे ७५ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. पाऊण मीटरचा पाइप लावला की तोच हात तिप्पट पीळ देतो. आता दहा मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला साधारण बोल्ट कसण्यास ४५ ते ५० न्यूटन-मीटर पुरतात. त्याच्यावर दोनशेहून अधिक घातले तर काय होईल हे सांगावयास नको. पाइपाचा दोष असा की तो हाताची जाणीव नाहीशी करतो. लहान पान्यावर बोल्ट ‘खातो आहे’, म्हणजे न सुटता नुसता पिळला जातो आहे, हे मनगटाला कळते. पाइपाच्या टोकाशी ते कळत नाही. म्हणून लांब दांडा घ्यावा, पण त्यावर लोंबकळू नये. जोर हळूहळू वाढवावा, किंवा लहान लहान झटके द्यावेत. आणि शक्य तेथे पाना आपल्याकडे ओढावा, दूर ढकलू नये. बोल्ट अचानक सुटला की ढकलणाराची बोटे लोखंडावर आपटतात.

एवढ्यानेही भागले नाही तर उष्णता. पोलाद तापले की वाढते. दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश बारा भाग. दहा मिलिमीटरच्या नटाला दोनशे अंशांनी तापविले तर त्याचे छिद्र मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाने रुंदावते. ऐकावयास हे काहीच नाही, पण गंजाची पकड मोडण्यास ते पुष्कळ आहे. तापवावयाचे ते बाहेरचे, म्हणजे नट किंवा आधाराचा पट्टा. आतला बोल्ट जितका थंड राहील तितके बरे. तापलेल्या सांध्याला मेणबत्तीचा तुकडा लावला तर वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते. ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. परंतु डिझेलच्या नळ्या, सांडलेले तेल, नुकताच मारलेला तेलाचा फवारा आणि रबर ह्यांच्या शेजारी ज्योत नेणे म्हणजे आगीला निमंत्रण. आधी सर्व पुसून कोरडे करावे, नळ्या बाजूला घ्याव्यात, आग विझविण्याचे साधन हाताशी ठेवावे, आणि हे काम अनुभवी हातांवरच सोपवावे. ॲल्युमिनियमचा पट्टा असेल तर ज्योत न लावलेलीच बरी; तो धातू लाल न होताच दुबळा होतो आणि पाहणाराला सूचना मिळत नाही.

डोके गोल झालेच, तर नवे पाहण्यासारखे उपाय आहेत: नटाला फोडणारी पकड, डोक्यावर दुसरा नट वेल्डिंगने जोडून त्यावर पाना चढविणे, किंवा नट अलगद छिन्नीने चिरणे. वेल्डिंगचा फायदा दुहेरी असतो, कारण नवे डोकेही मिळते आणि उष्णताही. बोल्ट आत तुटला तर मात्र त्याच्या नेमक्या मध्यावर खूण करून भोक पाडावे लागते, आणि येथे मिलिमीटरभर चुकले की मूळ आटे जातात. हे सगळे करता येते. परंतु तुटलेला बोल्ट काढण्यास लागणारा वेळ न तुटलेला काढण्याच्या कित्येक पट असतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे आदल्या रात्रीचे तेल किती स्वस्त होते ते कळते.

बोल्ट निघाला, रबर बदलले, की काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. वास्तविक ह्या विद्येचा उत्तम भाग येथून पुढे सुरू होतो. जुना, पिळलेला बोल्ट पुन्हा घालू नये. त्याच मापाचा आणि त्याच प्रतीचा नवा घ्यावा. हैदराबादेस राणीगंजच्या बाजारात असे नट-बोल्ट आणि सुटे भाग मिळतात, पण डोक्यावरील शिक्का पाहून घेतले पाहिजेत. मेट्रिक बोल्टावर ८.८ सारखा आकडा असतो. इंची बोल्टावर प्रत रेषांनी दाखवितात, आणि तीन रेषा म्हणजे मध्यम पोलादी प्रत. बिनशिक्क्याचा बोल्ट कुंपणाला चालेल, इंजिनाखाली नव्हे. घरातले आटे स्वच्छ करावेत. नवा बोल्ट प्रथम हाताने फिरवून बसवावा. जो हाताने दोन-तीन फेरे जात नाही तो वाकडा चालला आहे असे समजावे. आट्यांना गंजरोधक लेप किंवा ग्रीसचे बोट लावावे, आणि तसे केल्यास कसण्याचा जोर थोडा कमी ठेवावा, कारण घर्षण घटले की तेवढ्याच जोरात ताण अधिक येतो. शेवटी, इंजिन खाली सोडून त्याचे ओझे नव्या रबरांवर आल्यानंतरच बोल्ट पुरते कसावेत. अधांतरी कसले तर रबर जन्मतःच पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

हट्टी बोल्टाचा इतिहास शोधीत गेले तर तो बहुधा एखाद्या घाईच्या दिवशी सुरू झालेला आढळतो. कोणी तरी, केव्हा तरी, तो कोरडाच आवळला. किंवा माप जुळत नसताना दुसऱ्याच आट्यांचा बोल्ट ठोकून बसविला. किंवा सुटू नये म्हणून हवा त्याच्या दुप्पट कसला. त्या वेळी काहीच बिघडले नाही. बिघडले ते पंधरा-वीस वर्षांनी, दुसऱ्याच माणसाच्या हातात. बोल्ट ही वस्तूच मुळी पुन्हा काढता यावी म्हणून शोधलेली आहे. कायमचे जोडावयाचे असते तर रिव्हेट आणि वेल्डिंग होतेच. म्हणून चांगल्या मिस्त्रीची कसोटी त्याने किती बोल्ट सोडविले एवढ्यावरच लागत नाही. त्याने कसलेले बोल्ट पुढल्याला किती सहज सोडविता आले, ही खरी कसोटी. काचीगुड्याच्या एखाद्या गल्लीत, गाडीखाली पाठीवर पडून नव्या बोल्टाच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावणारा शागीर्द ज्याच्यासाठी ते लावीत असतो, तो माणूस कदाचित अजून पानाही हातात धरावयास शिकलेला नसेल. त्याची सोय आजच करून ठेवणे, ह्यातच ह्या विद्येची प्रतिष्ठा आहे.